काजूचं दुकान: गावठी बरणी की आफ्रिकेची?

कुडाळ-वेंगुर्ला रस्त्यालगतच्या या कारखान्याच्या दुकानात गावठी आणि आफ्रिकन बीचे गर वेगळ्या बरण्यांत, पाटी लावून विकतात. हा प्रामाणिकपणा दुर्मिळच.

आपली बी मार्च ते मे. टांझानियाची साधारण ऑक्टोबरपासून, म्हणून बी वाफवायचा बॉयलर पुढेही पेटता राहतो. चार किलो बीतून जेमतेम किलोभर गर निघतो. मग टांझानियाने बी तिथेच का फोडू नये? याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्येच मांडलं. त्याच्या उदाहरणात पोर्तुगालला वाइनला ८० आणि कापडाला ९० माणसं लागतात, इंग्लंडला १२० आणि १००. दोन्हींत सरस असूनही पोर्तुगालने वाइन करून कापड विकत घ्यावं, कारण प्रश्न एका कामासाठी दुसरं किती सोडावं लागतं याचा. गर न तुटता बी फोडणारे सरावलेले हात इथे आहेत, तिथे बी मुबलक. (आयात महागली की गणित फिरतं.)

चवीला गावठीच गोड. भाजी-ग्रेव्हीला मात्र आफ्रिकन तुकडा पुरे. पाकिटावरची प्रत डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर, डब्ल्यू-१८० चा गर त्याहून मोठा. खटकलं एकच: पावसाळ्यातही बरण्या उघड्या. ओलावा ५ टक्क्यांवर गेला की गर मऊ पडतो. मोडून बघा, कट्‌ आवाज आला तरच घ्या.