मणक्यात स्क्रू-रॉड की कृत्रिम चकती? सोलापुरात ठरवताना

एमआरआयचा रिपोर्ट आला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, स्क्रू टाका आणि कायमचे मोकळे व्हा. दुसरा पुण्याहून ऐकून आलेला असतो, की आता दोन मणक्यांमधल्या झिजलेल्या गादीच्या, म्हणजे चकतीच्या जागी नवी चकती बसवतात आणि कंबर पहिल्यासारखी वाकते. मी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन माझ्या हातचं नाही, पण झाल्यावर दोन्हीकडचे पेशंट व्यायामाला माझ्याकडे येतात. त्यावरून माझं मत असं: मानेसाठी कृत्रिम चकतीचा विचार जरूर करा. कमरेसाठी मात्र आधी विचारा, की आत काही बसवायची गरज आहे का?

कारण 'गॅप आलाय' या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी लपतात. पहिल्यात नस दबलेली असते. कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो, सिद्धेश्वर मंदिरापर्यंत चालायचं तर मध्ये दोनदा बसावं लागतं, बसलं की बरं वाटतं. इथं काम आहे नसेला जागा करून देण्याचं. तेवढंच ऑपरेशन, म्हणजे डीकम्प्रेशन, बऱ्याच जणांना पुरतं. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात जागा करण्यासोबत स्क्रू टाकलेल्या आणि न टाकलेल्या पेशंटमध्ये दोन वर्षांनी फरक दिसला नाही. मणका थोडा सरकलेल्यांनाही हेच लागू पडलं. त्याच वेळी आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात सरकलेल्या मणक्यासाठी स्क्रूवाले थोडे सरस ठरले, म्हणजे डॉक्टरांमध्येही यावर एकमत नाही. २०२१मध्ये नॉर्वेच्या अभ्यासानं पुन्हा साध्या ऑपरेशनच्या बाजूनं कौल दिला.

दुसऱ्या दुखण्यात मणका जागेवर राहत नाही. वाकलेल्या आणि ताठ अशा दोन एक्स-रेमध्ये तो पुढेमागे सरकलेला दिसतो, कूस बदलतानाही कळ येते. इथं स्क्रू-रॉडला पर्याय नाही म्हटलं तरी चालेल. हे दोन एक्स-रे काढलेच नसतील, तर स्क्रूची बोलणी पुढे नेऊ नका. झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये सरकणं लपून जातं.

स्क्रू-रॉड म्हणजे काय, तेही नीट बघा. एका लेव्हलला, म्हणजे शेजारच्या दोन मणक्यांच्या एका जोडीला, साधारण चार स्क्रू, दोन रॉड आणि चकतीच्या जागी एक केज, म्हणजे पोकळ ठोकळा लागतो. स्क्रू टायटॅनियम मिश्रधातूचे, केज टायटॅनियमचा किंवा पीक नावाच्या प्लास्टिकचा. पण हे सगळं म्हणजे स्लॅब भरताना लावतात तसं सेंटरिंग. खरा भार पुढे हाडानं घ्यायचा असतो. दोन मणके एकमेकांना जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. हाड जुळलं नाही, तर कितीही भारी कंपनीचा रॉड आज ना उद्या ढिला पडतो किंवा तुटतो. तंबाखूतलं निकोटीन हे जुळणं बिघडवतं. माझ्याकडे येणारे पुरुष बिडी सोडल्याचं अभिमानानं सांगतात आणि खिशातून माव्याची पुडी डोकावत असते. बायकांना तर मिश्री तंबाखूत मोजायची असते हेच सांगावं लागतं.

'स्क्रू टाकले की मांडी घालून बसता येत नाही' ही भीती मात्र एका लेव्हलपुरती फुगवलेली आहे. पुढे वाकताना बरीचशी हालचाल खुब्यातून होते. विडी वळणाऱ्या एक मावशी एका लेव्हलच्या ऑपरेशननंतर पुन्हा कामाला बसल्या. फरक एवढाच, की आता बुडाखाली जाड पाट असतो, सूप मांडीवर न ठेवता समोरच्या डब्यावर ठेवतात आणि अधूनमधून उठून खोलीत चक्कर मारतात. तीन-चार लेव्हल जोडल्या असतील, तर गोष्ट वेगळी. तिथं खाली बसणं खरंच अवघड होतं, शिवाय जोडलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या मणक्यावर ताण येऊन पुढे तिथं दुखणं निघू शकतं.

आता कमरेची कृत्रिम चकती. पहिली प्रसिद्ध चकती पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात तयार झाली आणि १९८४मध्ये बसवली गेली. ती घडवणाऱ्या दोघांपैकी कारिन ब्यूटनर-यान्झ या १९७२च्या ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदक विजेत्या जिम्नॅस्ट! अमेरिकेत तिला २००४मध्ये मान्यता मिळाली. कल्पना सुंदर आहे: दुखरी चकती काढायची आणि हालचाल ठेवायची. पण अटी कडक आहेत. मागचे छोटे सांधे झिजलेले नकोत, मणका सरकलेला नको, हाडं ठिसूळ नकोत, क्षयाचा किंवा दुसरा संसर्ग नको. यंत्रमागावर वीस-पंचवीस वर्षं तुटलेला धागा जोडायला वाकलेल्या आणि सुतानं भरलेले बीम (रूळ) उचललेल्या माणसाचे मागचे सांधे शाबूत असणं कठीणच. शिवाय हे ऑपरेशन पोटाकडून होतं, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून. पुरुषांमध्ये वीर्य उलट्या दिशेनं जाण्याचा धोका असतो. मूल हवं असलेल्यानं तो आधी विचारून घ्यावा. चकती काढायची वेळ आली, तर त्याच वाटेनं परत जाणं पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचं.

मानेत गणित बदलतं. जोडायचं असो की चकती बसवायची, दोन्हीत गळ्याच्या पुढून जातात. काही दिवस गिळायला जड जातं, आवाज बसतो. पण इथं रस्ता सोपा आहे आणि निकालही चांगले आहेत. दीर्घ अभ्यासांत चकतीवाल्यांना पुन्हा ऑपरेशन कमी लागलं, दोन लेव्हलच्या बाबतीत हे जास्त ठळक दिसलं. काहींच्या चकतीभोवती वर्षांनी हाड वाढून ती जाम होते. तेव्हा ती जोडल्यासारखीच वागते. वय कमी, सांधे ठीक आणि त्रास हातात उतरणारा, असं असेल तर मी चकतीकडे झुकेन.

स्क्रू-रॉड आणि चकती यांच्या मधली उपकरणं थोडक्यात उरकतो. लवचीक दोरी आणि प्लास्टिकच्या नळ्यांची डायनेसिससारखी रचना मणका पूर्ण जखडत नाही. पण हाड जुळत नाही म्हणून भार कायम स्क्रूवर राहतो, आणि ते ढिले पडतात. मणक्यांच्या मागच्या काट्यांमध्ये बसवायचं एक्स-स्टॉप २००५मध्ये अमेरिकेत मान्य झालं आणि पुढे बाजारातून गेलंही. सोलापुरात बसून यांच्या मागे लागू नये.

खर्चाचं बोलताना 'पॅकेज'वर थांबू नका. किती स्क्रू, कोणत्या कंपनीचे, केज वेगळा धरलाय का, हे कागदावर मागा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना सरकारनं २०१७मध्ये मर्यादा घातली, त्या यादीत मणक्याचे स्क्रू नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजना तिच्या जुन्या नावानं २०१२मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं, त्यामुळे इथल्या रुग्णालयांना ती नवी नाही. तरी तुमचं ऑपरेशन आणि इम्प्लांट त्यात बसतं का, हे तारीख घ्यायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला विचारा. डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचं स्टिकर चिकटवून घ्या.

पुण्याला जायचं ठरलं, तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, पण टाके ओले असताना चार तास बसणं सोसत नाही. पहिल्या तपासण्या सोलापुरातल्या कोणत्या डॉक्टरांकडे करायच्या, हे सर्जनकडून लिहूनच घ्या. आणि लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर ही सगळी तुलना बाजूला ठेवून त्याच रात्री जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.