व्हाइटनॉइज: छोट्या जँगो साइटला फायलींसाठी वेगळा सर्व्हर लागतो का?

दांडिया बाजारातलं फराळाचं दुकान, रावपुऱ्यातला शिकवणीचा क्लास, एखादं गणेशोत्सव मंडळ. बडोद्यात अशांची साइट जँगोत (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये) केली, तर तिला एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) पुरतो. साइट खुली करताना पहिली अडचण मात्र ठरलेली असते: डीबग (विकासाच्या वेळचं सेटिंग) बंद केलं की सीएसएस (पानाची सजावट) गायब आणि पान उघडंबोडकं. यात बिघाड काहीच नसतो. स्टॅटिक फायली (सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रं, फॉन्ट) देण्याचं काम जँगो फक्त विकासाच्या वेळी करतं. प्रत्यक्ष साइटवर ती सोय आपली आपण करायची असते.

व्हाइटनॉइज ही एमआयटी परवान्याची मोफत पायथन लायब्ररी ती सोय अ‍ॅपच्या आतच करते. एका सर्व्हरवरच्या साइटसाठी आमची पहिली पसंती तिलाच. एनजिनएक्स या वेगळ्या वेब सर्व्हरमध्ये फोल्डरचे मार्ग, परवानग्या आणि कॅशेचे नियम हाताने लिहिण्यात ज्या चुका होतात, त्या इथे मुळातच टळतात.

बसवणं सोपं आहे, पण क्रम चुकवू नका. मिडलवेअरच्या (प्रत्येक मागणी ज्यांतून जाते त्या थरांच्या) यादीत सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली व्हाइटनॉइज आणि बाकी सगळं त्याच्या खाली. सिक्युरिटी वर असल्याने एचटीटीपीएसकडे वळवण्याचं काम आधी होतं. व्हाइटनॉइज यादीच्या तळाशी टाकलं तरी साइट चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण मग लोगोच्या एका चित्रासाठीही मागणी सेशन, लॉगिन अशा सगळ्या थरांतून जाते. मग स्टॅटिक रूट (फायली गोळा होतात ते फोल्डर) ठरवा आणि स्टोरेजसाठी ‘कॉम्प्रेस्ड मॅनिफेस्ट’ (फायली दाबून त्यांच्या नव्या नावांची यादी ठेवणारा) हा प्रकार निवडा. जँगो ४.२ पासून हे ‘स्टोरेजेस’ या सेटिंगमध्ये लिहायचं असतं. जुनं ‘स्टॅटिकफाइल्स स्टोरेज’ ५.१ मध्ये काढून टाकलं आहे, त्यामुळे जुन्या लेखांतली ओळ उतरवून घेतलीत तर नव्या जँगोत तिचा काही उपयोग नाही.

खरी कमाई कलेक्टस्टॅटिक (स्टॅटिक फायली एका जागी गोळा करणारी जँगोची आज्ञा) चालवताना होते. प्रत्येक फायलीच्या नावात मजकुरावरून काढलेला १२ अक्षरांचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा संकेत) येतो आणि तिची जीझिप पद्धतीने दाबलेली प्रत तयार होते. ब्रॉटली या दाबण्याच्या दुसऱ्या पद्धतीचं पॅकेज बसवलेलं असेल तर ब्रॉटली प्रतही होते. दाबून ५ टक्क्यांपेक्षा कमी बचत होणार असेल, तर ती प्रत ठेवली जात नाही. जेपीईजी, पीएनजी, वॉफ२ यांना हात लावला जात नाही, कारण ते आधीच दाबलेले असतात. म्हणजे मागणी आली की प्रोसेसर न शिणवता तयार प्रत उचलून द्यायची. मराठी साइटला याचा एक वेगळा फायदा आहे: जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट जड असतो. तो टीटीएफमध्ये असेल तर निदान दाबला तरी जातो. वॉफ२ मध्ये बदलून घेतलात तर उत्तमच.

डॉकर (साइट कंटेनरमध्ये बांधून चालवण्याचं साधन) वापरणाऱ्यांनी ब्रॉटली बिल्डच्या इमेजमध्येच बसवावी. कलेक्टस्टॅटिक तिथे चालतं. नंतर बसवून काही होत नाही. शिवाय ब्राउझर ब्रॉटली फक्त एचटीटीपीएसवर मागतात, त्यामुळे साध्या एचटीटीपीवर तपासून ‘चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

इथे बहुतेकांना अडवणारी गोष्ट म्हणजे मॅनिफेस्टचा काटेकोरपणा. सीएसएसमध्ये नसलेल्या चित्राचा उल्लेख असेल, किंवा बाहेरून आणलेल्या जावास्क्रिप्टच्या शेवटी सोर्समॅपची (मूळ कोडशी जुळवून देणाऱ्या फायलीची) ओळ असून ती मॅप फाइल नसेल, तर कलेक्टस्टॅटिक तिथेच थांबतं. काटेकोरपणा बंद करण्याच्या नादी लागू नका. ती ओळ काढा किंवा फाइल आणून ठेवा. ही तक्रार बिल्डमध्ये समजलेली बरी, गिऱ्हाइकाच्या फोनवर नव्हे. टेस्टसाठी मात्र साधं स्टोरेज वेगळं ठेवा, नाहीतर मॅनिफेस्टमध्ये नोंद नाही म्हणून प्रत्येक पान कोसळेल.

व्हाइटनॉइज फायलींची यादी अ‍ॅप सुरू होताना एकदाच करतं. सयाजीरावांच्या काळात बडोदे संस्थानात फिरत्या वाचनालयाच्या पेट्या गावोगाव जात. पेटी निघाली की आत जी पुस्तकं असतील तीच वाचकाला मिळणार. हेही तसंच. गिऱ्हाइकाने नंतर चढवलेला फोटो या यादीत नसतो, म्हणून मीडिया फायलींसाठी व्हाइटनॉइज वापरायचंच नाही. त्यांना एनजिनएक्स किंवा ऑब्जेक्ट स्टोरेज (फायली साठवण्याची क्लाउड सेवा) द्या.

दुसरी मर्यादा गनिकॉर्नच्या, म्हणजे जँगो चालवणाऱ्या सर्व्हरच्या, बाजूची. साध्या सिंक वर्करवर (एका वेळी एकच मागणी हाताळणाऱ्या प्रक्रियेवर) मंद नेटवर्कवरचा एक फोन फाइल संपेपर्यंत तो वर्कर अडवून ठेवतो. असे वर्कर तीनच असतील, तर तीन मंद फोनांत साइट ठप्प. पुढे एनजिनएक्स नुसतं प्रॉक्सी म्हणून ठेवा. त्याचं बफरिंग (उत्तर स्वतःकडे घेऊन मंद फोनला सावकाश देणं) मुळात चालूच असतं आणि एचटीटीपीएसही तिथेच सांभाळता येतं. तेही नको असेल तर जीथ्रेड वर्कर घेऊन थ्रेड वाढवा. व्हिडिओ देण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. तुकड्यातुकड्याने मागणी करणं व्हाइटनॉइजला समजतं, तरी वर्कर अडायचा तो अडतोच.

गर्दी वाढली तर पुढे सीडीएन (फायलींच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर ठेवून देणारी सेवा) लावा आणि स्टॅटिक यूआरएलमध्ये त्याचा पत्ता द्या. सीडीएनने ‘अ‍ॅक्सेप्ट एन्कोडिंग’ हा (कोणती दाबलेली प्रत चालेल ते सांगणारा) हेडर मूळ सर्व्हरपर्यंत पोचवला पाहिजे, नाहीतर मेहनतीने दाबलेल्या प्रती पडून राहतात. सीडीएन असला की नवी आवृत्ती चढवतानाचा एक त्रासही कमी होतो: जुनं पान उघडून बसलेला ब्राउझर जुन्या हॅशची फाइल मागतो आणि नव्या कंटेनरमध्ये ती नसते, पण सीडीएनकडे तिची प्रत राहिलेली असू शकते.

रोबोट्स (शोधयंत्रांसाठी सूचना) आणि फॅव्हिकॉन (टॅबवरचं चिन्ह) या दोन फायली साइटच्या मुळाशी लागतात. त्यांच्यासाठी ‘व्हाइटनॉइज रूट’ हे वेगळं सेटिंग आहे.

शेवटी कर्ल या कमांड लाइनच्या साधनाने तपासा. पानाच्या एचटीएमएलमधून सीएसएसचा पत्ता उचला, ब्रॉटली मागणारा हेडर लावा आणि उत्तराचे हेडर वाचा. ‘कॅशे कंट्रोल’मध्ये ३१५३६०००० सेकंद, म्हणजे १० वर्षं, आणि सोबत ‘इम्युटेबल’ (न बदलणारी) दिसलं की काम झालं. तिथे ६० सेकंद दिसले, तर टेम्प्लेटमध्ये ‘स्टॅटिक’ टॅगऐवजी पत्ता हाताने लिहिलेला आहे आणि हॅश नसलेली फाइल जाते आहे. जावास्क्रिप्टमध्ये जोडून बनवलेले पत्तेही याच कारणाने ६० सेकंदांवर अडकतात. ते टेम्प्लेटमधून डेटा अ‍ॅट्रिब्यूटने पाठवा.