नाल काढून खूर-बूट : भीमथडी घोडीवरचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या कार्तिकात मी माझ्या घोडीच्या पुढच्या दोन्ही पायांचे लोखंडी नाल काढले आणि फेरीला जाताना घालण्यासाठी रबरी तळव्याचे बूट घेतले. त्याला आता अकरा महिने झाले आणि या काळात थंडी, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू अनुभवून झाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. बूट घ्यावेत का, असे मला अनेक घोडेवाल्यांनी विचारले. माझे उत्तर असे, की बुटाने खूर सुधारत नाही. तो ठरलेल्या दिवशी, योग्य रीतीने कानशीने घासल्याने सुधारतो, आणि तो सुधारत असताना घोडीला खडीवरून न दुखता चालता यावे एवढेच काम बूट करतो. हे ध्यानात घेऊन घेतले तर पैसे वाया जात नाहीत.

माझी घोडी गौरा भीमथडी जातीची आहे, नऊ वर्षांची, खांद्यापाशी सुमारे १३२ सेंटीमीटर उंचीची. आमची रोजची फेरी आठ-दहा किलोमीटरची असते. त्यात कालव्याकडेचा मुरमाचा रस्ता, मध्ये थोडी उघडी खडी आणि दोनेक किलोमीटर डांबर लागते. मागच्या पायांना तिला कधीच नाल नव्हते आणि त्यांची कधी तक्रारही आली नाही. घोडा आपल्या वजनाचा मोठा वाटा, साधारण साठ टक्के, पुढच्या पायांवर पेलतो, त्यामुळे दुखणी बहुधा तिथेच निघतात. गौराचेही तसेच होते.

मूळ अडचण नालाची नव्हती, वेळेची होती. नाल सहा आठवड्यांनी, फार तर आठ आठवड्यांनी काढून खूर घासून पुन्हा बसवायचा असतो. आमच्या भागातले बहुतेक नालबंद उसाच्या हंगामात गाडीच्या बैलांच्या खुरांना पत्री (लोखंडी पट्टी) मारण्यात गुंतलेले असतात. त्यांचे पोट त्यावर चालते, आणि माझी एकटी घोडी त्यांच्या वाटेवर पडत नाही. त्यामुळे आमचे अंतर दहा-बारा आठवड्यांवर गेले. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. नाल असल्यामुळे तो जमिनीवर झिजत नाही, पुढचे टोक लांबत जाते, नाल टोकाबरोबर पुढे सरकतो आणि टाचा त्याच्या मागे, खालून चेपल्या जातात. लांबलेले टोक प्रत्येक पावलाला तरफेसारखे काम करते आणि खुराची भिंत, म्हणजे बाहेरचे कठीण कवच, आतल्या हाडापासून ओढली जाते. त्यात खिळे सैल झाले की भोके मोठी होतात. दोन वेळा गौराने नाल भिंतीच्या तुकड्यासकट उपटून टाकला. तिसऱ्या वेळी खिळा मारण्याजोगी धड भिंतच उरली नव्हती. एक खिळा जिवंत भागाच्या फार जवळून गेला, दुसऱ्या दिवशी घोडी लंगडली आणि खूर हाताला गरम लागू लागला. खिळा काढला, धनुर्वाताची लस टोचून घेतली (घोड्याला धनुर्वाताचा धोका फार असतो, लस चुकवू नये) आणि तिथेच पुढचा विचार सुरू झाला.

खिळ्याची जागा किती थोडी असते, हे मला तेव्हा नीट कळले. खूर उलटा धरला की कडेची भिंत आणि तळवा यांच्यामध्ये एक फिकट रेषा दिसते. खिळा या रेषेच्या बाहेर, भिंतीच्या निर्जीव जाडीतूनच वर यायला हवा. भिंत ज्या पापुद्र्यांनी आतल्या हाडाला धरून ठेवते ते पापुद्रे जिवंत असतात. एका खुरात असे सुमारे सहाशे मुख्य पापुद्रे आणि त्या प्रत्येकावर शंभराहून अधिक सूक्ष्म पापुद्रे असतात, आणि घोड्याचे सगळे वजन त्यांच्यावर टांगलेले असते. शिवाय खुराची मागची बाजू दर पावलाला किंचित फाकते आणि मिटते, म्हणून चांगला नालबंद खिळे पुढच्या अर्ध्या भागातच ठेवतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेसी क्लार्क या इंग्रज पशुवैद्याने याच फाकण्याचा मुद्दा धरून, लोखंडी नाल खुराला आवळतो असा आग्रही युक्तिवाद केला होता. मी त्यांच्याइतकी टोकाची नाही. वेळेवर बदललेल्या नालावर वर्षानुवर्षे निरोगी राहिलेले घोडे मी पाहिले आहेत.

जनावरांच्या डॉक्टरांनी गोठ्यातच खुराचा एक्स-रे काढला. हाड जागेवर होते, पण तळव्याची जाडी जेमतेम नऊ मिलिमीटर होती. ती पंधराच्या आसपास असावी, असे त्यांनी सांगितले. अशा तळव्याने अनवाणी खडीवर चालवणे म्हणजे घोडीला छळणे होते, आणि नाल ठोकायला भिंत नव्हती. बूट आले ते या कोंडीतून. कल्पना नवी नाही. रोमन काळातही घोड्याच्या पायाला चामडी पट्ट्यांनी बांधायची धातूची पादत्राणे होती, आणि खिळ्यांचा नाल युरोपात सर्रास झाला तो त्यानंतर बऱ्याच काळाने.

खरेदीत मी पहिली चूक मापाची केली, आणि ती सगळ्यांनी टाळावी. खुराची रुंदी आणि लांबी मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्यात माप शोधायचे असते. मी खूर घासण्याआधी मोजला. लांबी ११८ भरली, पण टोक घासल्यावर ती ११२ वर आली आणि मागवलेला जोड सैल पडला. सैल बूट पायाभोवती फिरतो, आणि फिरणारा बूट टाचेच्या वरच्या मऊ गोळ्यांना तासाभरात सोलून काढतो. जोड परत पाठवून दुसरा यायला पाच आठवडे गेले. जकात आणि टपाल धरून जोडीला वीस हजारांच्या आसपास खर्च आला, जो आमच्याकडच्या दीड-दोन वर्षांच्या नालबंदीइतका आहे. म्हणून मोजमाप खूर घासल्यावर दोन दिवसांच्या आत, दोन्ही पायांचे वेगवेगळे घ्यावे. गौराचा उजवा खूर डाव्यापेक्षा तीन मिलिमीटर रुंद निघाला.

योग्य मापाचा बूट घालायला पहिल्या आठवड्यात एका पायाला दहा मिनिटे लागत, आता दोन लागतात. टोक आत सरकवून टाच रबरी हातोडीने हलकेच बसवायची आणि पट्टा आवळायचा. पहिले तीन आठवडे मी टाचेला सुती पट्टी गुंडाळत असे, तरी डाव्या पायाचे केस थोडे गेलेच. त्या जागी आतला मऊ पट्टा ओला राहत होता, हे लक्षात आल्यावर दोन पट्टे आलटून पालटून वापरू लागले आणि घासणे थांबले. एक बूट सुमारे ४०० ग्रॅमचा आहे. पहिले चार दिवस घोडी पाय जरा उंच उचलून टाकत होती, मग सवय झाली. डांबरावर तिची पकड नालापेक्षा निश्चित चांगली आहे. नाल असताना ओल्या डांबराच्या उतारावर ती घसरत असे, आणि तो एक धोका माझ्यासाठी कायमचा संपला.

मात्र काळ्या मातीत हे बूट उपयोगाचे नाहीत. आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी चिबड शेताच्या बांधावरून गेले आणि चिखलाने उजवा बूट जागीच ओढून घेतला. तो शोधायला अर्धा तास हात घालावा लागला. कुसळे आणि चिखल पट्ट्याच्या चिकटपट्टीत (वेल्क्रोत) भरले की पट्टा धरत नाही, म्हणून फेरीनंतर ताठ ब्रशने ती झाडावी लागते. वाळूचे कण आत गेले तर ते कानशीसारखे घासतात. बूट रात्रभर पायात ठेवणे मला कधीच योग्य वाटले नाही. आत घाम आणि ओल कोंडते.

आता घासण्याविषयी, कारण खरी गोष्ट तिथे आहे. शेजारच्या तालुक्यात पिढीजात नालबंदी करणारे एक वयस्क चाचा आहेत. मी नाल काढायचे म्हटल्यावर ते रागावतील असे मला वाटले होते, पण त्यांनी खूर मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ताई, नाल काढा, माझी ना नाही. पण महिन्याला मला बोलवा. बूट आले म्हणून मला विसरलात तर दिवाळीपर्यंत पुन्हा अशीच फाटकी भिंत दिसेल." आम्ही दर साडेचार आठवड्यांचा दिवस ठरवला, आणि जाण्यायेण्याचे पैसे मी वेगळे देते, हंगामातसुद्धा. पेशवाईत शिलेदाराला मोहिमेआधी जी आगाऊ रक्कम मिळे तिला नालबंदीच म्हणत. घोड्याच्या पायांचा खर्च आधी बाजूला काढायचा, हा हिशेब आपल्याकडे जुना आहे.

चाचा पूर्वी तळवा अंगठ्याखाली दबेपर्यंत सुरीने पातळ करत. डॉक्टरांनी त्यांना एक्स-रे दाखवून त्याला हात लावू नका म्हणून विनवले, आणि त्यांनी ते मानले, याचे मला फार मोल वाटते. आता ते फक्त सुटलेला भुगा काढतात, टोक मागे घेतात, टाचा पुतळीच्या रुंद भागापर्यंत आणतात आणि भिंतीच्या कडेला कानशीने गोलाई देतात, म्हणजे कड दगडावर उचकटत नाही. पुतळी म्हणजे तळाच्या मधोमधचा तो त्रिकोणी, रबरासारखा भाग. नाल असताना ती जमिनीला टेकतच नव्हती, सुकून अरुंद झाली होती. आता ती पूर्वीपेक्षा दीडपट रुंद दिसते.

वाढ मोजण्यासाठी मी केसांच्या कडेखाली कानशीची एक बारीक खूण केली होती. ती तीस दिवसांत सात मिलिमीटर खाली सरकली. टोकाची भिंत वरून जमिनीपर्यंत नवी यायला नऊ ते बारा महिने लागतात, टाचेची त्याहून लवकर येते. त्यामुळे दोन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून निराश होण्यात अर्थ नाही. पहिले सहा आठवडे गौरा बुटाशिवाय गोठ्याबाहेरच्या मुरमावरही जपून पाय टाकत होती. माघात ती मुरमावर मोकळी चालू लागली. जुन्या खिळ्यांची भोके महिन्यागणिक खाली येत गेली आणि शेवटचे भोकही कानशीखाली गेले. भाद्रपदातल्या एक्स-रेमध्ये तळवा चौदा मिलिमीटर भरला. या काळात मी मुद्दाम बायोटिन (खुरासाठी देतात ते जीवनसत्त्व) सुरू केले नाही, कारण मग सुधारणा कशाची हे सांगता आले नसते. खुराक मात्र बदलला. कामावरून आली की गुळाचा खडा आणि भरड्याची पाटी, ही आमच्या घरची जुनी माया होती. अतिरिक्त साखर आणि पिष्ट यांनी घोड्याच्या खुरातले तेच जिवंत पापुद्रे सुजतात, हा दाहाचा विकार घोड्याला कायमचे अधू करू शकतो. गूळ बंद केला, भरडा निम्म्यावर आणला, कोरडा चारा वाढवला. त्यामुळे सुधारणेचे सगळे श्रेय घासण्यालाही देता येणार नाही, हे इथे नोंदवते.

पावसाळ्यात बुटापेक्षा गोठ्याने जास्त त्रास दिला. आषाढाच्या शेवटी पुतळीच्या मधल्या चिरेतून काळा, उग्र वासाचा स्राव येऊ लागला. पुतळी सडते ती ओल, शेण आणि हवा न लागणे यांमुळे. मी उपाय साधे ठेवले. दिवसातून दोनदा खूर कोरायच्या आकडीने खूर साफ करणे, चीर कोरडी करून पातळ पोविडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस हलकेच भरणे, आणि गोठ्याची एक बाजू मुरूम टाकून उंच करून तिथे कोरडे पाचट पसरणे. कोणी मोरचूद सांगितले, पण उघड्या जिवंत भागाला ते भाजते, म्हणून टाळले. तीन आठवड्यांत वास गेला. त्या तीन आठवड्यांत बूट पूर्ण बंद होते.

दिवसभर डांबरावर किंवा पेव्हर ब्लॉकवर काम करणाऱ्या घोड्यासाठी, टांग्याच्या किंवा माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यासाठी, मी हे बूट सुचवणार नाही. आठ-आठ तास बूट घालून पायाची कातडी टिकणार नाही, आणि अनवाणी ठेवले तर खूर वाढतो त्याहून लवकर झिजेल. तिथे सहा आठवड्यांनी नक्की येणारा नालबंद आणि नीट बसवलेला नाल हेच उत्तर आहे. ज्याच्याकडे एक-दोन घोडे आहेत, दिवसाची फेरी दोन तासांची आहे आणि जो रोज खूर उचलून बघतो, त्याच्यासाठी बूट आहेत.

अकरा महिन्यांत बुटाच्या तळव्याची नक्षी टोकाशी अर्धी झिजली आहे, म्हणजे आणखी सहा-आठ महिने हा जोड जाईल असे वाटते. डाव्या बुटाचा पट्टा वैशाखात तुटला. सुटा पट्टा मागवला तर महिना लागणार होता, म्हणून आठवडी बाजारातल्या चांभारदादांकडे नेला. त्यांनी जुन्या पट्ट्यावरून माप घेऊन जाड नायलॉनचा पट्टा दुहेरी शिवणीने लावून दिला, साठ रुपयांत. तो मूळच्या उजव्या पट्ट्यापेक्षा घट्ट बसतो, म्हणून परवा उजवा बूटही त्यांच्याकडे देऊन आले आहे.