वजन जुळलं म्हणून घेतल्या

‘एकदाच डागलेल्या, एकाच कारखान्याच्या, वजनाने निवडलेल्या.’ विक्रेत्याचं एवढं वाचून मी .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या दोनशे रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, घेतल्या. स्वतः काडतुसं भरणाऱ्याला या शब्दांचा मोह का पडतो, ते वेगळं सांगायला नको. पुंगळ्या निवडणं हे डोळे शिणवणारं काम, ते कुणी आधीच करून देत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतात. विक्रेत्याने आधी दहा नमुन्याला पाठवल्या होत्या. काट्यावर टाकल्या तर सगळ्यांच्या वजनातला फरक एका ग्रेनच्या (सुमारे ०.०६५ ग्रॅम) आत. मी पूर्ण पैसे आगाऊ दिले. नमुना त्याने निवडला होता, मी नाही, हे तेव्हा मनात आलंच नाही.

माल आला तो आरशासारखा. आतून, बाहेरून, बुडातल्या प्रायमरच्या, म्हणजे बारूद पेटवणाऱ्या टोपीच्या, खोबणीपर्यंत लखलखीत. आता कळतं की त्या चकाकीनेच पुरावा पुसला होता. कारखान्यात पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारं अरुंद टोक, तापवून मऊ करतात, तेव्हा खांद्यापर्यंत निळसर झाक उमटते आणि बरेच कारखाने ती तशीच ठेवतात. स्टीलच्या पिनांबरोबर पाण्यात घोळवलं की ती झाक जाते आणि आतली काजळीही जाते. शिवाय प्रत्येकीच्या तोंडाशी ताज्या कापाची कड होती. कमाल लांबी ५१.१८ मिमी, आणि या सगळ्या त्याहून पाव मिलिमीटरने आखूड. एकदाच डागलेली पुंगळी कापायची वेळ सहसा येत नाही. डागून, साच्यात दाबून, पुन्हा डागून पितळ पुढे सरकत जातं, तेव्हा ती कापावी लागते. हे मला माहीत होतं, तरी मी पाहिलं नाही.

सुरुवातीच्या हलक्या मापाने पाच भरल्या. चौथी डागून बाहेर आली तेव्हा बुडापासून साधारण आठ मिलिमीटरवर एक बारीक उजळ रेघ होती, केसाएवढी, पण पूर्ण गोल. मी तिथेच थांबलो.

घरी येऊन तारेचं टोक काटकोनात वाकवलं आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढलं. रेघेच्या जागी ते अडकलं. मी न भरलेल्या बाकीच्या पुंगळ्यांतही तार लावली, कितीतरी ठिकाणी तसंच. एक पुंगळी करवतीने उभी चिरली. आत भिंत खोदल्यासारखी पातळ झालेली. या काडतुसात दाब ४००० बारच्या आसपास जातो. भिंत तिथे तुटली तर तो वायू मागे, बोल्टकडे (काडतूस मागून अडवणाऱ्या दांड्याकडे) येतो आणि त्याच्या मागे आपलं तोंड असतं.

मग एकेक पुंगळी जोखली. १५८ ग्रेनपासून १७९ पर्यंत. वरच्या ट्रेमध्ये बुडावर एकाच कारखान्याची छाप होती, खालच्यांत तीन निघाल्या. काहींच्या खोबणीची कड तिरकी कापलेली होती. म्हणजे सैन्याचं पितळ, प्रायमर दाबून बसवलेलं, ती दाब-कड नंतर काढलेली. बाहेरचा आकार रायफलच्या चेंबरने (काडतूस बसतं त्या पोकळीने) ठरतो, म्हणून पितळ जाड असलं की आत जागा कमी, आणि तेवढ्याच बारुदाला दाब जास्त. वजन हा नुसता अंदाज असतो, कारण जादा पितळ बुडाच्या कडेतही असू शकतं. खरी आतली जागा पाणी भरून जोखल्यावरच कळते. पण एकवीस ग्रेनचा फरक अंदाजातही बसत नाही.

म्हणून वापरलेलं पितळ घ्याल तर घोळवायच्या आधीचं, काजळी असलेलं मागा. नमुना स्वतः उचलू द्या म्हणा. तार घेऊन जा आणि वजन करायच्या आधी तीच फिरवा.

विक्रेता आधी ‘वजन तर जुळलं होतं ना’ म्हणत राहिला. फोटो पाठवल्यावर निम्मे पैसे द्यायला तयार झाला, पण पुंगळ्या परत हव्या होत्या. मी नाही म्हटलं. त्या रात्री पक्कड घेऊन बसलो आणि दोनशेच्या दोनशे पुंगळ्यांची तोंडं चपटी करूनच उठलो.