पाउंड, किलो, न्यूटन एकाच बटणावर: ५०० न्यूटनचा डिजिटल फोर्स गेज

भोसरीतल्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. आमचा जुना काटा किलोतच लोड दाखवायचा. गेल्या वर्षी अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचं काम लागलं आणि ड्रॉइंगवर आलं : स्प्रिंग दाबून दीड इंच उंचीला आणली की लोड ५० पाउंड, अधिक-उणे पाच टक्के. दर पीसला कॅल्क्युलेटर कोण बडवणार? म्हणून साहेबांनी साडेआठ हजारांना हा जोर मोजायचा गेज ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच बनावटीचे गेज वेगवेगळ्या स्टिकरखाली विकले जातात.

आधी चांगलं सांगते. युनिटचं बटण दाबलं की न्यूटन, किलो आणि पाउंड असे फिरत येतात. रूपांतर चोख आहे. ५० पाउंडाच्या पीसला किलोत २२.६८ आणि न्यूटनमध्ये २२२.४ येतं, म्हणजे एका पाउंडाला ४.४४८ न्यूटन, एका किलोला ९.८०७. पीक होल्डही, म्हणजे आलेला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणंही, नीट चालतं, मात्र युनिट बदललं की धरलेला आकडा पुसला जातो. आधी लिहून घ्या, मग बदला.

पाउंडात गेज दोन दशांश दाखवतो, त्यावर मात्र भुलू नका. हळूहळू दाब वाढवला तर शेवटचा अंक दोन-दोन, मधूनच तीन पावलांनी उडी मारतो. न्यूटनमध्ये गेज एकच दशांश दाखवतो आणि ०.१ न्यूटन म्हणजे ०.०२२ पाउंड, तेव्हा आत सगळा हिशेब न्यूटनमध्येच चालतो हे उघड आहे. शिवाय माहितीपत्रकात अचूकता पूर्ण क्षमतेच्या अर्धा टक्का दिली आहे, म्हणजे अडीच न्यूटन. अर्ध्या पाउंडाहून जास्त झालं की हे! आमची मर्यादा ४७.५ ते ५२.५, त्यामुळे चालून जातं. काठावरचा पीस मी पास करत नाही.

वीस किलोचं वजन टांगलं तर १९५.६ न्यूटन आलं. साहेब म्हणाले, १९६.१ यायला हवं, गेज परत पाठवा. मी म्हटलं, किलो-बलाची, म्हणजे गेजवरच्या किलोची, व्याख्या गुरुत्व ९.८०६६५ धरून केलेली आहे, पुण्यात गुरुत्व ९.७८ च्या आसपास आहे. इथे १९५.७ च बरोबर. गेज वाचला.

खरी डोकेदुखी त्या बटणाचीच. ते झिरोच्या शेजारी आहे आणि युनिटची अक्षरं कोपऱ्यात मुंगीएवढी. एका रात्री कुणीतरी पाउंड लावून ठेवलं. सकाळच्या पाळीला नवा पोरगा देशी गिऱ्हाइकाच्या ५० न्यूटनच्या स्प्रिंगा तपासत होता. "ताई, सगळ्या ढिल्या आहेत, अकराच येतंय!" मी जाईपर्यंत अर्धा ट्रे नापास मालाच्या रेड बिनमध्ये. ११.२ पाउंड म्हणजेच ५० न्यूटन, माल अगदी ठणठणीत होता. आता त्या बटणावर मास्किंग टेप आहे. एक तारा मी याचाच कापला.

आणि स्प्रिंग रेटचं, म्हणजे स्प्रिंग ठरावीक अंतर दाबायला किती जोर लागतो त्याचं, काम हे बटण करत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. ड्रॉइंगवर इंचाला ४० पाउंड असेल तर ४.४४८ ने गुणून भागत नाही, इंचाचे मिलिमीटर करायला २५.४ ने भागावंही लागतं. उत्तर येतं मिलिमीटरला ७ न्यूटन. आमच्याकडे एकाने भागायचं विसरून रिपोर्टात १७८ लिहिलं होतं. तेवढी कडक स्प्रिंग त्याने बोटांनी दाबून दाखवावी!

सोबत हुक, चपटं डोकं, टोकदार डोकं असे जोड मिळतात. चपटंच रोज लागतं. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे गेज किती बरोबर मोजतो याचा दाखला, पेटीत नव्हतं, ते बाहेरून करून घेतलं, त्याचा खर्च वेगळा धरा. तुमचे लोड वीस न्यूटनच्या आतले असतील तर हा घेऊ नका, ५० न्यूटनवाला घ्या.