लेपर्ड गेको खात नाही: लगेच भरवावं की आधी ऊब द्यावी?

लेपर्ड गेको या पाळीव पालीने अन्नाकडे पाठ फिरवली की जीव कासावीस होतो आणि हात सिरिंजकडे जातो. माझं मत मात्र स्पष्ट आहे: आधी ऊब.

हा थंड रक्ताचा प्राणी. अन्न पचवायला त्याला बाहेरची उष्णता लागते. पेटीच्या उबदार बाजूची जमीन 31 ते 33 अंश सेल्सिअस आहे ना, हे थर्मामीटरने पाहा. शरीर थंड असताना भरवलेलं अन्न पोटात कुजतं किंवा उलटून पडतं. शिवाय शेपटीत चरबीचा साठा असतो, त्यामुळे जाड शेपटीचा प्रौढ गेको काही दिवस उपाशीही तग धरतो. तोवर वाळू काढून टिश्यू पेपर अंथरा, म्हणजे विष्ठा नीट दिसेल.

भरवण्याची वेळही येते. शेपूट झपाट्याने बारीक होत असेल किंवा पिल्लू असेल, तर थांबू नका. पण तोंड जबरदस्तीने उघडू नका; जबडा नाजूक असतो, आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. ओठांना थेंब लावला तर बरेच गेको चाटतात. काय आणि किती द्यायचं, हे सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यानेच ठरवावं. जाताना विष्ठेचा ताजा नमुना सोबत न्या.