थंडीला जुनी साडी: पैकीच्या पैकी. रानडुकराला: काठावर पास

एका गुंठ्याच्या भाजीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी जुन्या साड्या दोन कामांना वापरल्या: रात्री वाफ्यावर पांघरूण आणि भोवती कुंपण. त्याचा हा हिशेब.

परभणीचा पारा 6 अंशांवर आल्याची बातमी येते, तो जमिनीपासून चारेक फुटांवर मोजलेला असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की वाफ्यालगत त्याहून दोन-तीन अंश कमीच. टोमॅटो, वांगी, दोडका तेवढ्यात आखडतात. मेथी, लसूण, कोबी झाकायच्या भानगडीत पडू नये.

तीन फुटी वाफ्याला 8 गेज तारेचे सहा फुटी तुकडे कमानीसारखे वाकवून दोन्ही टोकं आठ-आठ इंच रोवायची. दोन कमानींत अंतर तीन फूट. कमान भरते पावणेपाच फूट आणि साडीचा पन्हा पावणेचार, म्हणून एक साडी पुरतच नाही. दोन साड्या काठाला काठ शिवल्या की दोन्हीकडे सव्वा फूट लोळते. त्यावर ढेकळं ठेवायची.

झाकायचं पाचच्या सुमारास, जमिनीत ऊन मुरलेलं असताना. अंधार पडल्यावर झाकलं तर कोंडायला ऊब उरत नाही. सकाळी नऊला काढायचं. दवानं भिजलेली सुती साडी झोळ खाते आणि शेंड्याला टेकते तिथेच पान काळं पडतं. कमानींच्या माथ्यावरून सुतळी ताणली की झोळ थांबतो. दुपारी हलकं पाणी द्यावं, ओली काळी जमीन ऊब धरते. पाचटाचं आच्छादन मात्र त्या दिवसांत रोपापासून वीतभर मागे ओढावं, ते जमिनीची ऊब खालीच अडवतं. शेकोटीचा धूर निव्वळ डोळ्यांना.

कुंपणाला घेर 132 फूट, पाचवारी नऊ साड्या. डुक्कर खालून नाक घालतं, म्हणून कड वीतभर गाडावी लागते आणि गाडलेलं सुती कापड महिन्यात कुजतं. पॉलिस्टरच घ्यावी. डुक्कर बुजतं ते नव्या वस्तूला. तिसऱ्या आठवड्यात धडका सुरू. साड्यांची अदलाबदल केली की आणखी दहा-बारा दिवस निघतात. 10 लिटर पाण्यात 4 अंडी फेटून आठवडाभर झाकून ठेवली, फडक्यानं गाळली (नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं) आणि कुंपणावर मारली तर वासानं थोडी भर पडते. दव धुऊन नेतं, दर सहा दिवसांनी पुन्हा. भाजीवर मारू नये. रोह्याला (नीलगाईला) हे कुंपण म्हणजे उंबरठा, आणि वानरांपुढे सगळंच फोल. तारेत घरची लाईट सोडायचा विचारही नको, माणूस जातो.

फेब्रुवारीअखेर कुंपणाची साडी अंगठा टोचला तरी फाटते. पांघरुणाची धड आहे, ती दिवसभर सावलीत घडी घालून असते.